मांजराला फळ देताना : आधी मांजर बघा, फळ नंतर कापा

घरात टरबूज फोडलं की मांजर पायात घोटाळायला लागतं आणि कोणीतरी लाडानं उरलेली फाक सालीसकट त्याच्यापुढं सरकवतं. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. कोणतं फळ चालतं एवढंच लोक विचारतात. कोणत्या मांजराला, केवढं, कसं कापून आणि दिल्यावर काय बघायचं, हे विचारायचं राहूनच जातं. खरं पाहता पिकल्या टरबुजाच्या चिमूटभर गरानं धडधाकट मांजर सहसा आजारी पडत नाही. त्याला बाधतं ते बी, साल, कोय, चीक, वरून भुरभुरलेला चाट मसाला आणि माणसाच्या हातानं घेतलेलं माप. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या. तिसऱ्यावरून सुरुवात करू नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घेऊ. मांजराला फळाची गरज नसते. मांजर पक्कं मांसाहारी आहे. त्याच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागणारं टॉरिन मांस आणि मासळी यांतून येतं, फळांत ते नसतं. क जीवनसत्त्व त्याचं शरीर स्वतःच तयार करतं. पपई-आंब्यातल्या बीटा कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवणं त्याला जवळजवळ जमत नाही. गोड चव ओळखणारं जनुकच मांजरात निकामी असल्यामुळे त्याला फळाचा गोडवाही कळत नाही. तेव्हा ‘फळात व्हिटॅमिन असतात’ हे कारण बाद. फळ हा कधीमधी द्यायचा विरंगुळा आहे, आणि तोही त्याच्यापेक्षा आपलाच जास्त.

तुमचं मांजर दूध-पोळी आणि ताक-भाकरीवर वाढत असेल तर फळाचा विचार बाजूला ठेवा. आधी त्याच्या ताटात उकडलेलं अंडं, बिनमिठाची उकडलेली कोंबडी, काटे काढलेली मासळी किंवा टॉरिन असलेलं तयार कॅटफूड येऊ द्या. घरात मांसाहार शिजत नसेल तर तयार कॅटफूडला पर्याय नाही. उंदरांच्या भरवशावर मांजर ठेवू नये.

## टप्पा १ : मांजर तपासा

खालीलपैकी एकही गोष्ट लागू असेल तर फळ चाखायलाही देऊ नका.

- वय ६ महिन्यांच्या आत आहे.
- मांजरी गाभण आहे किंवा पिल्लांना पाजते आहे.
- मधुमेह, किडनीचा आजार किंवा लठ्ठपणा आहे.
- बोक्याची लघवी पूर्वी कधी अडकली होती.
- गेल्या ३ दिवसांत उलटी किंवा जुलाब झाले, जंताचं औषध दिलं किंवा लस टोचली.
- डॉक्टरांनी ठरावीक आहार लावून दिला आहे.

शेवटून दुसरा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. जंताच्या गोळीनंतर दुसऱ्या दिवशी पातळ शी झाली आणि त्याच दिवशी खरबूजही दिलेलं असेल, तर दोष गोळीचा की फळाचा हे कोणीच सांगू शकत नाही. मग चांगलं चाललेलं औषध बंद होतं नाहीतर बाधणारं फळ चालू राहतं.

आता वजन करा. मांजराला पोटाशी धरून सोयाबीनची पोती मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभे राहा, मग एकट्यानं उभे राहा आणि वजाबाकी करा. गावातलं मोठं मांजर साधारण ३ ते ४ किलो भरतं. ४ किलोच्या घरगुती मांजराला दिवसाला अंदाजे २०० ते २५० कॅलरी लागतात. वरच्या खाऊचा वाटा यातला दहावा हिस्सा, म्हणजे २० ते २५ कॅलरी. या हिशेबात अंडं, मासळीचा तुकडा, बिस्कीट, फळ सगळं धरायचं. फक्त फळासाठी नाही.

तपासा : मांजरानं आज नेहमीचं जेवण संपवलं का? भुकेलं मांजर काहीही गपकन गिळतं आणि तुम्हाला वाटतं त्याला फळ आवडलं. फळ जेवण झाल्यावर तासाभरानं द्यायचं.

## टप्पा २ : फळ निवडा

### चालतील अशी

टरबूज आणि खरबूज. सुरुवात यांच्यापासून करा. पाणी जास्त, साखर तुलनेनं कमी, गर मऊ. १०० ग्रॅम टरबुजात जेमतेम ३० कॅलरी असतात. खरबुजाचा वास अमिनो आम्लांपासून तयार होणाऱ्या घटकांचा असतो, मांजर बहुधा त्यालाच भुलतं. म्हणूनच एरवी फळाकडे ढुंकूनही न बघणारं मांजर खरबुजाच्या टोपल्याभोवती फिरताना दिसतं.

पपई. झाडावर पिवळी पडलेली, दाबल्यावर दबणारी. अर्धी कच्ची पपई नको. तिचा पांढरा चीक तोंड आणि आतडं दोन्ही खवळवतो.

आंबा. फक्त पिकलेला गर. देठाजवळचा चीक आणि साल वर्ज्य. कैरी नाही, लोणच्यातली फोड तर मुळीच नाही.

केळं. चालतं, पण साखर जास्त आणि गर चिकट. चकतीचा चतकोर पुरे.

जाम, म्हणजे पेरू. पूर्ण पिकलेला, साल काढून, मधला बियांचा गोळा कोरून. उरलेला पांढरा गरच द्यायचा.

सफरचंद. बियांत सायनाइड तयार करणारा घटक असतो, म्हणून बियांची पेटी पूर्ण काढायची. फोड कडक असते, ती वाफवून किंवा किसूनच द्या.

चिकू. पिकून मऊ झालेला. बीला टोकाशी आकडा असतो, तो घशात अडकतो. कच्च्या चिकूत चीक असतो.

स्ट्रॉबेरी. हिवाळ्यात चिखलदऱ्याहून येते ती चालेल, हिरवा देठ काढून.

### द्यायचीच नाहीत अशी

संत्रा, मोसंबी, लिंबू. वरुड-मोर्शी आणि काटोल-नरखेडच्या पट्ट्यात हा मुद्दा नुसता वाचून सोडण्यासारखा नाही. आंबिया बहाराचा माल उतरतो न उतरतो तोच मृग बहाराचा येतो, त्यामुळे वर्षातले कित्येक महिने घरात संत्र्याचा ढीग असतो. सालीतल्या तेलात लिमोनीन आणि लिनालूल असतात, शिवाय सोरालेन नावाची द्रव्यं असतात. मांजराचं यकृत ही तेलं नीट मोडू शकत नाही. साल चघळल्यास लाळ गळते, उलट्या-जुलाब होतात, मांजर लडखडतं. एखाद्या फोडीचा थेंबभर रस चाटल्यानं मांजर दगावत नाही, पण फोड देताना साल आणि पांढरे धागे सोबत जातात, म्हणून संत्रा यादीतच नको.

मांजराला हा वास मुळातच आवडत नाही, त्यामुळे ते सहसा आपणहून तोंड लावत नाही. धोका वेगळ्याच वाटेनं येतो. संत्रा सोलताना सालीतून तेलाचा बारीक फवारा उडतो, तो बोटांना लागतो आणि त्याच बोटांनी आपण मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो. मांजर ते चाटून काढतं. संत्रा सोलल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मांजराला हात लावू नका. उटण्यासाठी गच्चीवर साली वाळत घातल्या असतील तर वरून जाळी टाका. पिसवांसाठी संत्र्याच्या तेलाचा घरगुती फवारा मारायची टूम फिरत असते, ती मांजरावर कधीच वापरू नका.

द्राक्षं, किसमिस, मनुका. यांनी कुत्र्यांच्या किडन्या निकामी होतात. मांजराच्या बाबतीतही हा धोका पत्करू नये, कारण इतकं दिलं तर चालेल असं सुरक्षित प्रमाणच ठरलेलं नाही. द्राक्षं कोणी मुद्दाम देत नाही, पण प्रसादाचा शिरा, शेवयांची खीर, बुंदीचा लाडू यांतला किसमिस पोरांच्या हातून खाली पडतो. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणून चिंचही नको.

सीताफळ. गर विषारी नाही, बी आहे. बियांची पूड उवा मारायला वापरतात आणि ती डोळ्यात गेली तर डोळा सुजून जातो, हे खेड्यातल्या बायकांना सांगायची गरज नाही. एका फळात बिया ढीगभर, प्रत्येक बीला गर चिकटलेला. मांजरासाठी तो सोडवत बसण्यात अर्थ नाही. आपण चोखून टाकलेल्या बियाही ताटलीत ठेवू नका, मांजर त्या चघळतं.

बोर, जांभूळ, आवळा. बोराची कोय नेमकी मांजराच्या आतड्यात अडकेल एवढी असते. वावरातून आणलेली बोरं ओसरीवर पसरली की मांजर ती चेंडूसारखी खेळवतं, तिथं लक्ष ठेवा.

डाळिंब (दाणे कडक), अननस (आंबट, तोंड सोलवटतो), हिरवे कच्चे टोमॅटो आणि त्यांची पानं हेही टाळा.

थांबा : शिकरण, आमरस, फ्रूट सॅलड, कोशिंबीर ही फळं नव्हेत. आखजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस-सरगुंडे झाले की वाटी चाटायला मांजराला देतात. त्या रसात दूध, साखर, तूप असतं. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पचत नाही, मग जुलाब लागतात आणि नाव आंब्याचं होतं. कोशिंबिरीत कांदा असतो. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवलेले असोत की कच्चे. फळावर काहीही भुरभुरायचं नाही, मीठसुद्धा नाही.

## टप्पा ३ : धुणं

साल काढायचीच आहे तर धुवायचं कशाला, हा नेहमीचा प्रश्न. उत्तर सुरीत आहे. न धुतलेल्या टरबुजात सुरी घातली की सालीवरची माती आणि औषध पात्याबरोबर थेट गरात जातं.

फवारणीच्या औषधाकडे मांजराच्या बाबतीत जास्त काटेकोरपणे बघावं लागतं. कापसावर आणि भाजीपाल्यावर मारतात त्या सायपरमेथ्रिनच्या गटातली औषधं मांजराचं शरीर फार सावकाश मोडतं. कुत्र्याला सोसतं तेवढं त्याला सोसत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. मांजराचं वजन तर ४ किलो.

१. घरच्या वावरातलं किंवा धुऱ्यावरचं फळ असेल तर शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस झाले नसतील तर फळ कोणालाच देऊ नका.

२. वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुवा. टरबूज-खरबुजाला घासणी लावा, खरबुजाच्या जाळीदार सालीत माती बसलेली असते.

३. नुसतं पाण्यात बुडवून ठेवणं पुरेसं नाही. बुडवलंच तर १५ मिनिटांनी ते पाणी फेका आणि पुन्हा वाहत्या पाण्यात धुवा.

४. साबण किंवा डिटर्जंट वापरू नका.

५. धुतलेलं पाणी बादलीत उघडं ठेवू नका. उन्हाळ्यात मांजर दिसेल त्या भांड्यात तोंड घालतं.

बाजारात कापून ठेवलेली टरबुजाची फाक मांजरासाठी घेऊ नका. माशा बसलेली, सकाळपासून उन्हात पडलेली फाक माणसालाच बाधते. अचानक एकसारख्या पिवळ्याजर्द झालेल्या आंब्यांपासूनही लांब राहा. कार्बाइडनं फळ पिकवायला बंदी आहे, तरी तसा माल बाजारात येतो.

## टप्पा ४ : साल, बी, चीक

या टप्प्याला घाई केली तर पुढचं सगळं वाया.

मांजरासाठी फळ आपल्या ताटातून उचलायचं नाही, वेगळं कापायचं. पाटी आणि सुरी धुऊन घ्या, त्यावर आधी कांदा कापलेला नसावा. फळाचा मधला, देठापासून दूरचा भाग घ्या.

टरबुजाचं असं करा. मधल्या लाल गराचा दोन बोटं रुंद तुकडा काढा. पांढरट हिरवा भाग पूर्ण सोडा, तो चिवट असतो. काळ्या बिया सुरीच्या टोकानं काढा, मग तुकडा उजेडाकडे धरून बोटांनी हलकेच दाबा. आत दडलेली बी बोटाला लागते. पांढऱ्या कोवळ्या बिया नजरेतून सुटतात, त्याही काढा. एखादी बी गिळली म्हणून काही होत नाही, पण दर वेळी पाच-सहा जाऊ लागल्या की मांजराला शी करताना जोर करावा लागतो.

आंब्याचा देठ कापून फळ उलटं ठेवा, ५ मिनिटं चीक गळू द्या, पुसा, मग साल जाडच काढा. सालीलगतचा पातळ थर चीक धरून ठेवतो, गरासाठी लोभ करू नका. कोय मांजराला चाटायला देऊ नका. चाटता चाटता कोयीचे धागे जिभेवरच्या काट्यांत अडकतात आणि मांजर ते बाहेर थुंकू शकत नाही, गिळतच जातं.

पपईच्या बिया चमच्यानं खरवडताना त्यांच्या खालची पातळ पांढरी त्वचाही खरवडा.

तपासा : हातात आता नुसता गर आहे का? साल नाही, बी नाही, धागा नाही, कडक भाग नाही. यांतलं एकही काही उरलेलं असेल तर पुढं जाऊ नका.

## टप्पा ५ : कापणं आणि माप

मांजराला ३० दात असतात आणि त्यांतले दाढांसारखे दिसणारे कात्रीसारखं कापतात, जात्यासारखं दळत नाहीत. जबडा वर-खालीच हलतो. त्यामुळे फळाचा गोल किंवा चौकोनी घट्ट तुकडा ते चावत नाही, तसाच गिळतं. तुकडे चौकोनी न कापता चमच्याच्या धारेनं गर खरवडा किंवा काट्यानं दाबून पसरट करा. सफरचंद आणि जाम बारीक किसणीवर किसा.

माप असं ठेवा, ३ ते ४ किलोच्या मोठ्या मांजरासाठी :

- पहिल्यांदा : एका हरभऱ्याच्या दाण्याएवढं, १ ग्रॅमपेक्षाही कमी.
- सवयीचं झाल्यावर : चहाचा एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम.
- केळं, आंबा, चिकू : त्याच्या निम्मं.
- आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. दोन्ही दिवस लागोपाठचे नकोत.

एवढंसं देऊन काय होणार, असं वाटेल. हिशेब करा. ६० ग्रॅमची टरबुजाची पातळ फाक ४ किलोच्या मांजराला देणं म्हणजे ६० किलोच्या माणसापुढं ९०० ग्रॅम ठेवणं. कॅलरीच्या हिशेबानं ६० ग्रॅम टरबूज दहाव्या हिश्श्यात बसतंही, म्हणून काहीजण कॅलरीवर बोट ठेवून वाटीभर देतात. पण पोट कॅलरी मोजत नाही. एवढं पाणी, साखर आणि चोथा मांसावर चालणाऱ्या छोट्या आतड्यात उतरला की संध्याकाळी पातळ शी ठरलेली, आणि रात्रीचं खरं जेवण मांजर तसंच सोडतं.

फ्रिजमधलं फळ असेल तर १५-२० मिनिटं बाहेर ठेवा. गार फळाला वास येत नाही, मांजर तोंड लावत नाही, आणि मग तोंड लावावं म्हणून आपण दूध घालतो.

## टप्पा ६ : पहिली चाचणी

वेळ सकाळची घ्या, ८-९ वाजताची. दिवसभर बघता येतं आणि दवाखाना उघडा असतो. रात्री जेवणं झाल्यावर दिलेल्या फळानं पहाटे उलटी झाली तर ती कोणाला दिसतही नाही.

१. स्वच्छ, सपाट स्टीलची ताटली घ्या. खोल वाटीत मांजराच्या मिशा कडेला घासतात, ते काही मांजरांना नको असतं.

२. एकच फळ, हरभऱ्याएवढं. दोन फळं एका दिवशी नाहीत.

३. ताटली खाली ठेवून बाजूला व्हा. बोटानं तोंडात कोंबू नका. हुंगून निघून गेलं तर विषय संपला. त्याला नको आहे.

४. १५-२० मिनिटांत खाल्लं नाही तर उचला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कापलेलं फळ बघता बघता आंबतं, त्यावर माशा आणि लाल मुंग्या येतात. मुंग्या लागलेल्या ताटलीत तोंड घातलं तर मांजराच्या ओठाला डसतात.

५. पुढचे २४ तास दुसरं काही नवीन खायला देऊ नका.

६. शी बघा. बाहेर फिरणारं मांजर माती उकरून झाकून टाकतं, मग काही कळत नाही. म्हणून चाचणीच्या दिवशी घरात ठेवा आणि कोपऱ्यात पसरट टोपल्यात कोरडी वाळू भरून द्या. चुलीची राख नको, ती पंजांना आणि नाकाला झोंबते.

एकदा ठीक गेलं म्हणजे ते फळ पास झालं असं नाही. ३ दिवस सोडून तेच फळ तेवढंच पुन्हा द्या. दुसऱ्यांदाही काही झालं नाही तर मापाचा चमचा काढा.

थांबा : ओठ किंवा नाकाभोवती सूज, सारखं तोंड घासणं, लाळ, एखादी उलटी, पातळ शी, अंग खाजवणं यांपैकी काहीही दिसलं तर ते फळ या मांजरासाठी कायमचं बंद. शेजारच्या मांजराला ते चालतं, हा पुरावा धरू नका.

## टप्पा ७ : नेहमीचं झाल्यावर होणाऱ्या चुका

घरातल्या प्रत्येकानं आपापला चमचा देणं ही सगळ्यात मोठी. आजी सकाळी देते, नातू शाळेतून आल्यावर देतो, आणि दोघांनाही वाटतं आपणच दिलं. एकाच माणसाकडे काम द्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेवर खूण करा.

जेवणाच्या वेळी ताटाशेजारी देणं ही दुसरी. मग मांजर प्रत्येक ताटात तोंड घालतं, आणि त्या ताटात कांद्याची चटणीही असते.

उन्हाळ्यात पाण्याऐवजी टरबुजावर भिस्त ठेवू नका. ५ ग्रॅम टरबुजातून ५ मिलिलिटरसुद्धा पाणी मिळत नाही. सावलीत दोन-तीन ठिकाणी पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, दिवसातून दोनदा बदला, आणि ते जेवणाच्या ताटलीपासून लांब असू द्या.

साली आणि बिया उघड्या उकिरड्यावर टाकू नका. मांजर तिथंच रात्री जातं. घरातल्या गाईम्हशींना चालणाऱ्या साली थेट त्यांच्या गव्हाणीत टाका, उरलेल्यावर माती ओढा.

मांजर नेहमीचं जेवण सोडून फळासाठी ओरडू लागलं तर १५ दिवस फळ बंद करा. नेहमीचं जेवणच खात नसेल तर तो लाड नसून आजार असू शकतो. सलग २४ तास काहीच न खाणाऱ्या मांजराला डॉक्टरांना दाखवा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेततं, लठ्ठ मांजराच्या बाबतीत तर फार लवकर.

## टप्पा ८ : बिघडलं तर

आधी फळालाच दोष देऊन मोकळे होऊ नका. खेड्यात मांजराच्या अचानक उलट्यांमागे विष खाल्लेला उंदीर किंवा फवारणीचं औषध असण्याची शक्यता मोठी. झिंक फॉस्फाइडनं मेलेला उंदीर खाल्लेल्या मांजराच्या तोंडाला लसणासारखा उग्र वास येतो, ते थरथरतं, श्वास जोरात चालतो. उंदीर मारायच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो : हिरड्या पांढऱ्या, नाकातून किंवा शीतून रक्त. यांत घरी करण्यासारखं काही नाही.

वाट बघता येईल अशी स्थिती : एक-दोन उलट्या, एखादी पातळ शी, पण मांजर चालतं-फिरतं आहे, पाणी पितं आहे. फळ बंद, पाणी समोर, १२ तास नजर.

लगेच निघायचं अशी स्थिती :

- तीन किंवा त्याहून जास्त उलट्या, किंवा पाणीही पोटात टिकत नाही.
- लाळेची धार, लडखडणं, थरथर, झटके.
- हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या.
- तोंड उघडं ठेवून श्वास.
- बोका लघवीला बसतो पण थेंबही येत नाही.
- द्राक्षं, किसमिस, सीताफळाच्या फोडलेल्या बिया किंवा संत्र्याची साल पोटात गेल्याचं नक्की माहीत आहे. इथं लक्षणांची वाट बघायची नाही.

घरी हे करू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्यानं रक्तातलं मीठ वाढून मांजर मरू शकतं. तेल, दूध, ताक घशात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका, मांजराला ती प्राणघातक आहे. तोंडात साल किंवा बी दिसत असेल आणि सहज निघत असेल तरच काढा. घशाशी असेल तर बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

फोन आधी करा, प्रवास नंतर. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहेत का आणि मांजर बघतात का, हे विचारून निघा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे, जवळचं फिरतं पथक कुठं आहे ते तिथं विचारता येतं. मोठी गरज पडली तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था, यांपैकी जे जवळ ते गाठा.

फोनवर एवढं सांगा : मांजराचं वजन, वय, काय खाल्लं, कोणता भाग खाल्ला (गर, साल की बी), किती, किती वाजता, आणि त्यानंतर काय काय झालं. घरात किंवा वावरात गेल्या आठवड्यात उंदराचं औषध ठेवलं असेल किंवा फवारणी झाली असेल तर तेही लपवू नका.

नेताना उरलेलं फळ, साल किंवा बी प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या, औषधाचा डबा असेल तर तो सोबत घ्या, उलटीचा मोबाइलवर फोटो काढा. मांजर मोकळं मोटरसायकलवर नेऊ नका. झाकणाच्या टोपल्यात जुनं लुगडं अंथरून त्यात ठेवा, झाकण दोरीनं बांधा आणि वरून ओलसर पातळ फडकं टाका. टोपलं उन्हाकडच्या बाजूला धरू नका, आणि हवा जायला फटी मोकळ्या आहेत ना, ते वाटेत एकदा थांबून बघा.